आधी आत्याचा खोकला, मग रक्त

पत्र

डॉक्टर मॅडम,
आम्ही औसा तालुक्यातले. वडील 61 वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी संभाजीनगरला एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) केला, तेव्हा आयपीएफ (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे कारण न सापडता फुप्फुसांत वण धरत जाणं) निघाला. फुप्फुसं कडक व्हायलीत, असं सांगितलं. गोळ्या चालू केल्या, पण मळमळतं म्हणून वडिलांनी आपल्याच मनानं बंद केल्या. मोठे काका 3 वर्षांपूर्वी गेले. त्यांना दोनदा टीबीचा कोर्स दिला होता, थुंकीत मात्र कधीच काही सापडलं नाही. आजोबा दम्यानं गेले असं घरात सांगतात. आत्याला उदगीरला दिलंय, तिला सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. आता पुण्याची एक टीम या आजाराच्या जनुकांवर संशोधन करतेय, त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलंय. चुलतभाऊ म्हणतो, "रक्त दिलं की घराण्यावर शिक्का बसला. मग बहिणीला कोण करून घेईल?" तिचं, म्हणजे गेलेल्या काकांच्या मुलीचं, आत्याच्याच मुलाशी लग्नाचं बोलणं चालू आहे, पक्कं नाही. मी लातूरला एम.एस्सी. बायोटेक करते आणि याच विषयात पीएच.डी. करायची इच्छा आहे. रक्त द्यावं का? हा आजार मलाही होईल का?
– औशाची एक लेक

उत्तर

पोरी, तुझ्या पत्रात रक्त तीनदा आलंय आणि आत्याचा खोकला जेमतेम एका ओळीत. मी उलट्या टोकानं सुरू करते.

वडिलांना हा आजार आणि काकांनाही बहुधा तोच झालेला असताना त्यांच्या सख्ख्या बहिणीला सहा महिने कोरडा खोकला असेल, तर तिला याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरकडे न्या. जनुकांचा अहवाल येईपर्यंत थांबायचं कारण नाही. घरबसल्या एक गोष्ट बघ. तिला दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावून धरायला सांग. निरोगी माणसाच्या नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती बुजली असेल आणि नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली असतील, तर डॉक्टरांना आपणहून सांग. नखं चांगली असली म्हणून तपासणी टाळू नका. डॉक्टर पाठीवर, अगदी खाली, स्टेथोस्कोप लावतील आणि खोल श्वास घ्यायला सांगतील. बीपीचा पट्टा सोडताना जो चर्र आवाज येतो, तसाच आवाज या आजारात श्वास आत घेताना शेवटाला येतो. एकदा कानात बसला की विसरत नाही. पुढे एचआरसीटी, फुंकण्याची तपासणी (डीएलसीओसकट करायला सांगा, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती उतरतो ते कळतं) आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालणं.

थुंकी तपासल्याशिवाय कुणी टीबीच्या गोळ्या सुरू करत असेल तर तिथंच विचारा, "कशावरून?" मी हे साळसूदपणे सांगत नाहीये. नवीन होते तेव्हा पिठाच्या गिरणीवाल्या एका माणसाला मी आठ महिने टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, लघवी तर लाल व्हायलीय, पण खोकला हाय तिथंच हाय." लघवीचा रंग गोळीमुळे होता आणि खोकला दुसऱ्याच आजाराचा. आपल्या भागात टीबी इतका दिसतो की छातीच्या फोटोवर डाग दिसला की हात आपसूक त्याच चिठ्ठीकडे जातो. तुझ्या काकांचं बहुधा तेच झालं.

आता तुझा विषय. एकाच घरात तिघांना दम लागला की आपण लगेच म्हणतो, हे रक्तातच आहे. पण सख्खे भाऊ रक्ताबरोबर घरही वाटून घेतात. एकच वाडा, कडब्याची एकच गंजी, कुट्टीची एकच धूळ. आणि कूलर. हसू नकोस. 2017 मध्ये भारतातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांची एक नोंदणी प्रसिद्ध झाली, फुप्फुसं अशी कडक होत जाणाऱ्या 1,084 रुग्णांची. त्यात आयपीएफ 14 टक्क्यांच्या आसपास होता. जवळजवळ निम्म्या, म्हणजे 47 टक्के रुग्णांना अतिसंवेदनेचा न्यूमोनायटिस होता. बुरशी, पक्ष्यांची विष्ठा असलं काहीतरी श्वासात जात राहतं, फुप्फुस त्यावर चिडत राहतं आणि शेवटी वणासारखं घट्ट होतं. या रुग्णांपैकीही निम्म्यांच्या आसपास लोकांच्या घरी कूलर होते. कूलरमधलं ओलं गवत आणि टाकीत साचलेलं हिरवं पाणी म्हणजे बुरशीचं माहेर. ज्या लातूरनं एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालं, तिथं कूलरची टाकी रोज कोण ओतून देणार? मी कुणाला दोष देत नाही. पण वडिलांच्या उशाला कूलर असेल तर त्याचं गवत कधी बदललं ते विचार, आणि डॉक्टरांनाही सांग. आयपीएफ हा निदानाचा शिक्का बाकीची सगळी कारणं खोडल्यावर मारायचा असतो. ही कारणं कुणी विचारलीच नसतील, तर संशोधनाआधी तेवढं करून घ्या.

इथंच आत्या फार मोलाची ठरते. ती लहानाची मोठी तुमच्या वाड्यात झाली, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य उदगीरला दुसऱ्या घरात, दुसऱ्या कामात गेलं. तिच्या फुप्फुसात तेच निघालं तर पारडं रक्ताकडे झुकतं. उलट तुझ्या काकू घ्या. रक्त वेगळं, पण काकांबरोबर तोच वाडा, तोच कडबा, तोच कूलर. त्यांना कधी दम लागला का? तुझ्या पत्रात काकूंचा उल्लेखच नाही.

म्हणून पहिलं काम वहीचं. त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या बाडात तुमच्या सात पिढ्यांची नावं मिळतील, पण कोण कशानं गेलं ते मिळणार नाही. ते आजीच्या पिढीतल्या बायकांना माहीत असतं. आखून घे: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी तो काळा. प्रत्येकाखाली जन्माचं साल, गेल्याचं साल, बिडी होती का, काम काय, घर कुठलं. "दम्यानं गेले" एवढ्यावर थांबू नकोस. दमा कमी-जास्त होत राहतो, पंपानं उतरतो. हा आजार फक्त वाढतो. तेव्हा विचार, आजोबांना चांगले दिवस असायचे का? आणखी तीन गोष्टी या वहीत लागतात, ज्या सहसा कुणी विचारत नाही: तिशीच्या आत कुणाचे केस पांढरे झाले का, आणि दारूच्या थेंबाला न शिवता कुणाचं लिव्हर गेलं का, किंवा रक्ताच्या पेशी कमी होऊन कुणाला वारंवार रक्त चढवावं लागलं का.

केसांचा फुप्फुसाशी काय संबंध, हे बायोटेकवाल्या मुलीला सांगायला नको, पण चुलतभावासाठी लिहिते. बैलाच्या दाव्याचं टोक उसवू नये म्हणून आपण गाठ मारतो. गुणसूत्रांच्या टोकांनाही तशी गाठ असते, तिला टेलोमिअर म्हणतात. पेशी दर वेळी दुभंगताना ही गाठ थोडी झिजते, आणि टेलोमरेज नावाचं विकर ती पुन्हा वळून देतं. या कामाला 2009 चं नोबेल मिळालं. टीईआरटी, टीईआरसी, आरटीईएल1, पीएआरएन या जनुकांत बिघाड असला की गाठ लवकर झिजते. ज्या पेशींना सारखी नवी वीण घालावी लागते किंवा झीज भरून काढावी लागते, म्हणजे फुप्फुसाचं अस्तर, अस्थिमज्जा (हाडांतला रक्त बनवणारा गर), केसांची मुळं, त्या आधी थकतात. टेलोमरेजच्या जनुकांचा या आजाराशी संबंध 2007 मध्ये दाखवला गेला. काही घराण्यांत पुढच्या पिढीला आजार मागच्यापेक्षा लवकर गाठतो, कारण झिजलेली गाठच वारशात येते.

दुसरी मोठी गोष्ट 2011 ची, एमयूसी5बी. हे जनुक श्वासनलिकांतला चिकट स्राव बनवतं. बदल सापडला तो जनुकाच्या बटणात, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या भागात, त्यामुळे बारीक नलिकांमध्ये स्राव जास्त तयार होतो. त्या अभ्यासात एक प्रत असलेल्यांत धोका सात ते नऊ पट आणि दोन प्रती असलेल्यांत वीस पटींच्या वर निघाला. आकडा ऐकून घाबरू नकोस. मूळ आजार विरळ आहे, थोड्याची वीस पटही थोडीच असते. युरोपीय वंशाच्या निरोगी लोकांत साधारण पाचातला एक जण हा बदल घेऊन फिरतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. गंमत अशी की, बुरशी-धुळीनं होणाऱ्या त्या दुसऱ्या, जुनाट झालेल्या आजाराच्या रुग्णांतही हाच बदल आणि हीच झिजलेली टोकं सापडली. म्हणजे मी वर रक्त आणि घर असे दोन कप्पे केले, ते निसर्ग तितक्या काटेकोरपणे पाळत नाही. गवताची बुरशी सगळ्यांच्याच नाकात जाते, वण एखाद्याच्याच फुप्फुसात धरतो.

तर तुला होईल का? वडिलांत टेलोमिअरच्या जनुकांपैकी एखादा ठळक बिघाड सापडला, तर तो तुझ्याकडे येण्याची शक्यता निम्मी. आला तरी प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, आणि झाला तरी बहुतेकदा उतारवयात. पण घराण्यात आजार असलेल्या कुटुंबांपैकी असा बिघाड साधारण चौथ्या हिश्श्यातच सापडतो. उरलेल्यांना "काही निघालं नाही" असा कागद मिळतो. त्याचा अर्थ घराण्यात काही नाही असा घ्यायचा नसतो. आपल्याला अजून शोधता येत नाही, एवढाच घ्यायचा. धूर, धूळ, बिडी यांपासून लांब राहा. चाळिशीनंतर फुंकण्याची तपासणी अधूनमधून करून घे, आणि जिना चढताना दम भरायला लागला तर चाळिशीची वाट पाहू नकोस.

रक्त द्यायचं का? माझ्या मते द्यावं. पण काय देता आहात ते समजून. संशोधनासाठी दिलेलं रक्त आणि तपासणीसाठी दिलेलं रक्त, सुई एकच असली तरी व्यवहार दोन आहेत. तपासणीत तुम्हाला उत्तर मिळतं. संशोधनात तुमचं रक्त एका क्रमांकाखाली शेकडो लोकांच्या रक्तात मिसळतं आणि उत्तर कदाचित कुणाच्या तरी नातवाला मिळतं. वडील जर "रक्त दिलंय, आता औषध येईल" अशी आस लावून बसणार असतील, तर आधी ती आस सोडवा. संमतीपत्र मराठीत मागा आणि ते वडिलांना तू वाचून दाखव, टीमच्या माणसाला घाई करू देऊ नकोस. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कामाला वापरणार का, कुणाला देणार, मध्येच माघार घेता येते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एखाद्याच्या रक्तात ठोस काही सापडलं तर त्याला कळवणार की नाही, हे सगळं विचारा. कळवणार असतील तर प्रमाणित लॅबमध्ये पुन्हा खात्री करून, समुपदेशकाला समोर बसवूनच. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं हाच हक्क देतात, तुम्ही काही जास्तीचं मागत नाही आहात.

मी "द्यावं" म्हणते त्याला कारण आहे. या आजाराच्या जनुकांबद्दल मी वर जे लिहिलं, त्यातलं बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तातून आलेलं आहे. एमयूसी5बीचा तो बदल पूर्व आशियात आणि आफ्रिकेत क्वचितच दिसतो, म्हणजे एका मुलखाचं गणित दुसऱ्याला लागू पडतंच असं नाही. आपल्याकडच्या माणसाचा अहवाल आला की त्यात "अर्थ अनिश्चित" हा शेरा वारंवार दिसतो, कारण तुलनेला आपली माणसंच कमी. जीनोम इंडिया प्रकल्पातून जानेवारी 2025 मध्ये 10,000 भारतीयांची माहिती संशोधकांना खुली झाली, ती निरोगी माणसांची. आजारी घराण्यांची माहिती घराण्यांनीच द्यावी लागते.

आणि या संशोधनाचा उपयोग चिठ्ठीवरही होतो. मी स्वतः कित्येक वर्षं या रुग्णांना स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लिहीत होते, तीच रीत होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून कळलं की त्यानं मृत्यू आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात. चाचणीतला तो गट अर्ध्यातच थांबवावा लागला. पुढे असंही दिसलं की ज्यांची टेलोमिअर आखूड, त्यांनाच हे औषध जास्त बाधतं. कुणीतरी रक्त दिलं होतं म्हणून ते कळलं.

आता ते लग्न, जे तू जाता जाता लिहिलंस. चुलतभावाला भीती आहे बाहेरच्यांची, की घराण्याचा बोभाटा होऊन बहिणीला कुणी करणार नाही. मला काळजी आहे घरातल्या घरात ठरणाऱ्या स्थळाची. भावाची लेक सून करून नेणं आपल्याकडे मानाचं समजतात, मीही अशी कितीतरी लग्नं जेवले आहे. पण इथं मुलीचा बाप याच आजारानं गेलाय असं दिसतं आणि मुलाची आई खोकतेय. घराण्यात एकाच जनुकाचा बिघाड असेल आणि तो दोघांच्याही आईबापात असेल, तर मुलीकडे तो असण्याची शक्यता निम्मी, मुलाकडे निम्मी. दोघांकडे असला तर बाळाला दोन्हीकडून एकेक मिळण्याची शक्यता चारात एक. गुणाकार केलास तर सोळात एक. टेलोमिअरच्या काही जनुकांत अशा दोन बिघडलेल्या प्रती मिळाल्या, तर आजार म्हातारपणाची वाट पाहत नाही. लहानपणीच अस्थिमज्जा थकते. हे सगळं जर-तरचं आहे. पण साखरपुड्याआधी आत्याचा एचआरसीटी आणि वडिलांची जनुकीय तपासणी झाली तर जर-तर बरंच कमी होईल. वडिलांचीच आधी, कारण तपासणी नेहमी आजारी माणसापासून सुरू करतात. काकांचं रक्त आता मिळणार नाही. बहिणीचं किंवा त्या मुलाचं रक्त आधी काढून काही साधणार नाही, आणि त्यांच्यावर जबरदस्ती तर अजिबात नको. सज्ञान माणसाला स्वतःच्या रक्तातलं जाणून न घेण्याचाही हक्क आहे. बाहेरचं स्थळ आलं तर काय सांगायचं? "वडील फुप्फुसाच्या आजारानं गेले," हे खरं तेवढं सांगा. जनुकांचे कागद कुणी मागत नाही आणि दाखवायचेही नसतात.

वडिलांच्या गोळ्या. तू नाव लिहिलं नाहीस, पण मळमळीवरून पिरफेनिडोन असावी. ती उपाशीपोटी घेतली की हमखास मळमळतं. पोटभर भाकरी खाऊन घ्यायची, मात्रा हळूहळू वाढवायची, आणि शेतात जाताना पूर्ण बाह्या आणि डोक्यावर उपरणं, कारण तिनं ऊन बाधतं. तरीही नाही झेपली तर निनटेडानिब आहे, तिला जुलाबांची तयारी ठेवावी लागते. दोन्ही औषधं झालेला वण पुसत नाहीत, पुढचा वण पडायचा वेग कमी करतात. "फरक काहीच पडला नाही" म्हणून लोक सोडतात, पण इथं फरक न पडणं हीच कमाई. डॉक्टरांना विचारून लगेच पुन्हा सुरू करा, आणि फ्लू व न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तीही.

पीएच.डी. कर. हैदराबादचं सीसीएमबी, दिल्लीचं आयजीआयबी, पुण्यात एनसीसीएस आणि आयसर या जागा बघ, नेट-जेआरएफची तयारी आत्तापासून. लातूर पॅटर्ननं तुला पाठांतर शिकवलंय, पण या विषयात अडतं ते संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगपाशी. आर किंवा पायथन यंदाच शिक. एक पथ्य मात्र पाळ. ज्या प्रयोगशाळेत तुझ्या घराण्याचं रक्त आहे, तिथं तू काम करू नकोस. वडिलांचा क्रमांक ओळखून रात्री एकटीनं फाइल उघडायचा मोह होणारच, मला झाला असता.

तपासणीला जाताना आत्याच्या आणि वडिलांच्या जुन्या-नव्या सगळ्या फिल्म एका सपाट पिशवीत घाल, गुंडाळी करू नकोस. काकांचे एक्स-रेही शोध, त्यांच्याकडून आता तेवढंच उरलंय. माळ्यावर नसतील तर पोरांना विचार, ग्रहण बघायला कुणीतरी नेले असतील.